शेजारी-शेजारी ठेवून ऐकताना: शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांची बैठक कशी जमवावी

कोल्हापुरात गाण्याचं वेड असलेल्या प्रत्येकाला एक हळहळ असते. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी या गावात राहिले, जयपूर-अत्रौली गायकी इथे रुजली, पण खाँसाहेबांचा आवाज मात्र आपल्याला ऐकायला मिळत नाही. ते १९४६ साली गेले. आपल्याकडे तबकड्या निघायला १९०२ सालीच सुरुवात झाली होती, तरी त्यांनी आपलं गाणं तबकडीवर येऊ दिलं नाही.

मग ते गात कसे असतील? उरल्या त्या ऐकणाऱ्यांच्या आठवणी आणि शिष्यांची ध्वनिमुद्रणं. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर थेट त्यांच्याकडे शिकल्या. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्या मुलांकडे, आधी मंजी खाँ आणि मग भुर्जी खाँ यांच्याकडे शिकले. हे तिघे एकाच रागात शेजारी-शेजारी ठेवून ऐका. प्रत्येकाचा गळा वेगळा, स्वभाव वेगळा. पण ताल न सोडता आलाप भरत नेणं, खुला आकार ('आ' म्हणत गाणं), वळणावळणानं जाणारी तान हे तिघांकडेही आहे. तिघांकडे जे सारखं आहे, ते खाँसाहेबांकडून आलं असणार. मला ध्वनिमुद्रणं ताडून बघायची गोडी लागली ती यातून. हे काम एकट्यानं होत नाही. आपल्या कानाला जे निसटतं ते शेजारच्याच्या कानाला लागतं, म्हणून बैठक हवी.

घरच्या घरी अशी बैठक कशी जमवायची, ते आमच्या अनुभवातून सांगतो.

माणसं किती आणि कोणती

पाच-सहा पुरेत. आठांच्या वर गेलात की बैठकीचा कार्यक्रम होतो, मग कुणीतरी माईक मागतं. एकाला तरी तबला किंवा पेटी येत असावी, म्हणजे सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आणि पट्टी (गायकाचा सा किती उंचीवर) कोणती यावर वाद होत नाहीत. आणि एक जण तरी असा हवा ज्याला शास्त्रातलं काहीच कळत नाही, पण ऐकायला आवडतं. आमच्याकडे पहिल्या दिवशी असाच एक शेजारी आला होता. 'हे दोघं एकच गाणं गातायत हे तुम्हाला कळतं कशावरून?' असं त्यानं विचारलं आणि आम्ही सगळे अर्धा तास त्याचंच उत्तर शोधत बसलो. इतकं नीट आम्ही त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

जोडी निवडणं

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका. बहुतेक मंडळी 'आज यमन ऐकू' असं ठरवतात आणि पाच जणांचे पाच यमन लावतात. त्यात काही हाती लागत नाही. एक पाऊण तासाचा, एक तीन मिनिटांचा, एक सतारीवर, एक द्रुतच. तुलना करायची तर बाकीचं शक्य तितकं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलती ठेवावी.

माझ्या मते सगळ्यात फळ देणारी जोडी म्हणजे तोच राग, तेच घराणं आणि दोन गायक. केसरबाईंचा बिहागडा आणि मन्सूरांचा बिहागडा लावा. बंदिश (रागात बांधलेली रचना) तीच सापडली तर सोन्याहून पिवळं. मुखडा, म्हणजे बंदिशीची परत परत येणारी सुरुवातीची ओळ, दोघांच्या तोंडून दहा-दहा वेळा येतो. तो प्रत्येक वेळी कोणत्या मात्रेवर उचलला आणि समेवर कसा टाकला, एवढंच मोजत बसलात तरी एक सकाळ पुरत नाही. मन्सूरांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. जयपूर गायकीकडे येण्याआधी ते आपल्या शेजारच्या मिरजेला नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेर घराण्याचं शिकले होते. ती तालीम त्यांच्या गाण्यात कुठे डोकावते का, हे कान लावून शोधायला फार मजा येते आणि त्यावर एकमत कधीच होत नाही.

दुसरी जोडी गुरू-शिष्येची. मोगूबाई आणि किशोरीताई आमोणकर, किंवा केसरबाई आणि धोंडूताई कुलकर्णी. धोंडूताई तर आपल्या कोल्हापुरातच जन्मलेल्या, भुर्जी खाँसाहेबांकडे शिकलेल्या आणि पुढे केसरबाईंच्या शिष्या. गुरूचं काय जसंच्या तसं आलं आणि शिष्येनं काय बदललं, हे ऐकताना परंपरा या शब्दाचा अर्थ कळायला लागतो.

तिसरी जोडी नवख्यांसाठी फार चांगली आहे: भूप आणि देसकार. दोन्हींत सूर तेच पाच, सा रे ग प ध. भूपात वजन गंधारावर (ग), देसकारात धैवतावर (ध). किशोरीताईंचा भूप लावा आणि मागोमाग कुणाचाही चांगला देसकार. सूर तेच असून राग कसा बदलतो, हे पुस्तकातून वर्षभर वाचून कळत नाही ते इथे अर्ध्या तासात कानाला कळतं. फक्त आधी भूप, मग देसकार असं लावा. देसकार आधी ऐकला तर नवख्याला तो भूपच वाटतो.

एकाच गायकाचं तरुणपणीचं आणि उतारवयातलं गाणं ही जोडीही लोक लावतात. ती मी टाळतो. चर्चा आवाज थकल्याच्या हळहळीत अडकते.

पहिली बैठक फक्त सहा-सात मिनिटांची

पहिल्या बैठकीसाठी माझी शिफारस ठरलेली आहे. रविवारी सकाळी जमा आणि दोनच तबकड्या ऐका, दोन्ही भैरवीच्या. एक केसरबाईंची 'जात कहां हो', जी १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. दुसरी अब्दुल करीम खाँसाहेबांची 'जमुना के तीर'. दोन्ही मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्यांच्या काळातल्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या. गायक जयपूर आणि किराणा अशा दोन घराण्यांचे, आणि दोघांचाही आपल्या परिसराशी संबंध, कारण करीम खाँसाहेब मिरजेला राहायचे.

भैरवी का? एक तर ती सगळ्यांच्या कानाला ओळखीची असते. आणि संकेत असा की भैरवीनंतर काही गात नाहीत. त्यामुळे 'आता अजून एक लावू या' असं म्हणायची सोय उरत नाही. त्या सहा-सात मिनिटांतच थांबावं लागतं आणि तेच परत ऐकावं लागतं. आम्ही प्रत्येकी तीनदा ऐकली होती.

पहिल्यांदा नुसतं ऐकलं. दुसऱ्यांदा फक्त आवाजाकडे लक्ष दिलं. केसरबाईंचा गळा भरदार, खुला, एकदम समोर येऊन उभा राहणारा. करीम खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार. सूर लांबवत नेतात आणि तो संपतो कुठे ते कळत नाही. तिसऱ्यांदा प्रत्येकानं एकच जागा निवडायची आणि ती आली की बोट वर करायचं. आमच्यातले एक काका, देवल क्लबात (कोल्हापूरच्या जुन्या संगीतसंस्थेत) लहानपणापासून गाणं ऐकलेले, केसरबाईंच्या तबकडीला डोळे मिटून बसले होते. मुखड्याच्या जरा आधी त्यांचं बोट वर गेलं. कुणाला काहीच कळलं नाही. 'परत लाव की तेवढंच,' ते म्हणाले. दहा सेकंद मागे जाऊन लावलं. 'आता बघ, तान संपली असं वाटतंय, पण संपलेली नाही. तिथनंच मुखडा उचललाय तिनं. मधे श्वाससुद्धा नाही.' तेव्हा ऐकू आलं. ती तबकडी मी त्याआधी शंभरदा तरी ऐकली असेल.

लावायची तयारी

तयारीत गफलत झाली की तुलना फसते. म्हणून या गोष्टी आदल्या दिवशीच करून ठेवा.

जे मोठ्यानं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, हा कानाचा स्वभावच आहे. जुन्या तबकडीवरून उतरवलेली फाईल हळू असते, नवी सीडी जोरात. तशीच लावलीत तर नवी जिंकणार, गाणं कसंही असो. दोन्हींचा आवाज आधी जुळवून ठेवा. तंबोरा ऐकू येईल आणि आवर्तनाच्या (तालाच्या एका फेरीच्या) शेवटी गायकानं घेतलेला श्वास जाणवेल इतपत ठेवला की बस्स. स्पीकर सगळ्यांसाठी एकच. एक गाणं फोनवर आणि एक ॲम्प्लिफायरवर असं चालणार नाही.

इंटरनेटवरून लावणार असाल तर आधी उतरवून ठेवा, नाहीतर आलाप रंगात आला असताना मध्येच साबणाची जाहिरात लागते. पंखा बंद करा. भडंग आणि चिवडा गाणं संपेपर्यंत बाहेर काढू नका. ऐकताना भडंग चावण्याचा आवाज खाणाऱ्याला येत नाही, शेजारच्याला येतो.

दोन गाण्यांच्या मध्ये दोन मिनिटं तरी गप्प बसा. पहिल्या गायकाचा षड्ज (सा) कानात घट्ट बसलेला असतो. लगेच दुसरं लावलं तर तो गायक बेसूर वाटतो. त्याच्यावर हा अन्याय आहे. पेटीवाल्याला दुसऱ्या ध्वनिमुद्रणाचा सा धरायला सांगा, सगळ्यांनी तो गुणगुणा आणि मग लावा.

पट्टी तपासणं

ही गोष्ट फार थोडे लोक करतात, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत ती केल्याशिवाय बोलूच नये. ७८ ची तबकडी म्हणायला मिनिटाला ७८ फेऱ्यांची, पण त्या काळी ध्वनिमुद्रण करणारी यंत्रं सगळीकडे नेमकी ७८ वर चालत नव्हती. उतरवून घेणाऱ्याचं यंत्रही कधी जलद, कधी मंद. वेगात साधारण सहा टक्के फरक पडला की पूर्ण एका पट्टीचा फरक पडतो. म्हणजे ७८ ऐवजी ८२-८३ च्या वेगानं फिरली तर काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या वरच्या पट्टीत गातो. लयही तेवढी वाढते आणि आवाज पातळ होतो. मग आपण म्हणतो, 'यांचा आवाज जरा बारीकच होता.' तो बारीक नसतो, तबकडी पळत असते.

एकाच तबकडीच्या दोन वेगवेगळ्या प्रती मिळवा आणि पेटीवर दोन्हींचा सा काढून बघा. फरक आला तर गायकाच्या इतर ध्वनिमुद्रणांत पट्टी कोणती आहे ते पाहून अंदाज बांधता येतो. बदलत्या वेगानं वाजवायची सोय संगणकावर फुकट मिळते. पण ज्यात वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलतात तीच सोय वापरा. नुसती पट्टी बदलली तर आवाज बिघडतो.

कॅसेटवरून आलेल्या मैफिलींत वेगळी अडचण असते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. बाजू उलटेपर्यंत मधलं गाणं गेलं ते गेलंच. 'इथे त्यांनी बढत (रागाचा सावकाश विस्तार) एकदम तोडली' असं म्हणण्याआधी ती कॅसेट तिथे पालटली होती का, ते बघा.

बोलायचं कसं

ऐकून झाल्यावर आधी काय ऐकलं ते सांगायचं, आवडलं की नाही ते नंतर. हा नियम आम्ही काटेकोर पाळतो. 'केसरबाई त्या केसरबाईच' असं पहिलंच वाक्य पडलं की चर्चा संपली. त्याऐवजी 'अंतऱ्यात तार षड्जावर जाण्याआधी त्या निषादावर थांबल्या, हे नाही थांबले' असं म्हटलं की समोरचा 'परत लाव' म्हणतो. बैठक खरी तिथून सुरू होते.

आम्ही कोल्हापूरकर खासबागेत कुस्ती बघत वाढलेली माणसं. कोण चितपट झाला हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. त्या मैदानात ते योग्यच आहे, निकाल लागल्याशिवाय कुस्ती संपत नाही. पण दोन गायक एकमेकांसमोर उभेच नसतात. मन्सूर बिहागडा गातात तेव्हा ते केसरबाईंना हरवायला गात नाहीत, बिहागडा दाखवायला गातात. बैठकीत कुणी 'कोण भारी?' म्हणून विचारलं तर आम्ही उलट विचारतो, 'कुठल्या जागेत?'

गायकाचं नाव न सांगता लावावं असं काही जण सुचवतात. कल्पना चांगली आहे, घराण्याचा अभिमान थोडा बाजूला राहतो. पण भीमसेनजी किंवा केसरबाई पहिल्या सुरालाच ओळखू येतात, तिथे ती चालत नाही. कमी ऐकलेल्या गायकांसाठी मात्र जरूर करून बघा.

शब्द ऐकू आले नाहीत तर घाबरू नका. जुन्या तबकडीत निम्मे शब्द खरखरीत बुडालेले असतात. बंदिश ज्याला येते त्याच्याकडून आधी म्हणून घ्या, मग तेच शब्द तबकडीत ऐकू यायला लागतात.

देवाणघेवाण आणि वही

आपल्याकडचं दुसऱ्याला ऐकवावं ही ओढ प्रत्येक रसिकाला असते, आणि निम्मे संग्रह त्या ओढीपायीच हरवतात. मूळ तबकडी किंवा कॅसेट घराबाहेर देऊ नका. ज्याला ऐकायचं त्याला घरी बोलवा, नाहीतर उतरवून प्रत द्या.

उतरवून घेताना काळजी घ्या. माझ्याकडच्या एका खासगी मैफिलीची कॅसेट मी एका दुकानात उतरवायला दिली होती. त्यांनी ती 'साफ' करून दिली. खरखर गेली, आणि तिच्यासोबत तंबोराही गेला. सुरुवातीला गायकानं रागाचं नाव सांगितलं होतं, मध्ये श्रोत्यांची दाद होती, तेही 'नको असलेलं' म्हणून कापलं. मूळ कॅसेटची फीत परत येईपर्यंत चुरगळली होती. तेव्हापासून मी सांगून ठेवतो: आहे तसं उतरवा, खरखरीसकट, काहीही न कापता, आणि ती फाईल कधीही बदलू नका. साफसफाई करायची तर तिच्या प्रतीवर.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती जशीच्या तशी जाते. स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस मेसेज पाठवू नका, त्यात तंबोऱ्याचं काहीच उरत नाही. आणि हक्काचं भान ठेवा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो. त्याच्या आतलं असेल तर प्रत वाटण्यापेक्षा अधिकृत ठिकाणाचा दुवा पाठवा किंवा सीडी विकत घ्या.

फाईलच्या नावावर मुळीच विश्वास ठेवू नका. एकानं चुकीचा राग लिहिला की तीच चूक हजार फोनांत फिरते. अगदी जुन्या तबकड्यांत गायक शेवटी स्वतःचं नाव सांगायचे, जसं गौहरजान इंग्रजीत सांगायच्या. तबकड्या तेव्हा जर्मनीत छापल्या जायच्या आणि तिथल्या लोकांना गायक ओळखता यावा म्हणून ही सोय होती. आज ती सोय आपणच करायची, वहीत. आमच्या वहीतली एक नोंद अशी आहे:

'भैरवी. केसरबाई. ७८ ची तबकडी, प्रत काकांकडची. पट्टी पेटीवर तपासली, दुसऱ्या प्रतीपेक्षा किंचित चढी. मुखड्याआधीची तान, तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळली. शेजाऱ्यांचं म्हणणं: आवाज पुरुषी वाटला, पण आवडला. पुढच्या वेळी: धोंडूताई?'

तारीख, तबकडीवरचा क्रमांक आणि साथीला कोण हेही लिहावं. कुणी काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत लिहावं. वर्षभरानं तीच तबकडी परत लावली की आपलेच जुने शब्द वाचायला मिळतात, आणि बहुतेक वेळा ते बदलावेसे वाटतात.

पावसाळ्याआधी

आपल्याकडचा पाऊस तबकड्यांना आणि फितींना सोसत नाही. मृग लागायच्या आत संग्रह एकदा बाहेर काढावा. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. सौम्य साबणाचा एखादा थेंब घातलेलं शुद्ध पाणी, मऊ कापड, खाचांच्या दिशेनं हलका हात, आणि मधला कागद कोरडा. सुईसुद्धा ७८ साठी वेगळी, जाड लागते. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी घासत राहते. कॅसेटला बुरशी दिसली तर ती कुठल्याही टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, पुढच्या प्रत्येक कॅसेटला तीच लागेल.

हे सगळं करताना एखादी विसरलेली तबकडी हाती लागतेच. गेल्या मे महिन्यात आम्हाला मोगूबाईंची एक सापडली. कडेला टवका उडालेला, कागद फिका, रागाचं नाव अर्धंच वाचता येणारं. काकांनी ती पुसली, उजेडात धरली आणि म्हणाले, 'रविवारी लावू या. तोवर नाव कुणी शोधायचं नाही.' शनिवारी रात्री मला दोघांचे फोन येऊन गेले, राग कोणता असेल म्हणून.